सल्ला हवा: गाडीशिवाय रटलंड वॉटर की ट्रिंगचे तलाव?

पाणकोंबडी:
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखा तलाव हवा आहे. सोबत सत्तरीचे आई-बाबा. सपाट वाटेवर ४-५ किमी आरामात चालतात, पायऱ्या मात्र आईला जमत नाहीत. गाडी नाही. पक्षी बघायची दोघांनाही हौस आहे, ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) दिसला तर फारच छान. रटलंडला पूर्ण फेरी होईल का? शनिवार बरा की रविवार?

खंड्या:
ऑस्प्रे हवा असेल तर रटलंड, आणि पूर्ण फेरीचा विचार आताच सोडा. हॅम्बल्टनचं द्वीपकल्प धरून ती ३७ किमी होते, ते वगळलं तरी २७. ती सायकलवाल्यांसाठी ठीक. तुम्ही दक्षिण काठावरचं लिंडन केंद्र गाठा. तिथून वेडरस्क्रेप नावाच्या आडोशापर्यंत (लपून पक्षी बघायची खोली) पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे आणि समोर मॅन्टन बे मधलं घरटं. जायचं, बसायचं, डबा खायचा, परत यायचं. एवढ्यात दिवस सार्थकी लागतो.

तुमचे दिवसही चांगले निवडलेत. ऑस्प्रे मार्चच्या उत्तरार्धात पश्चिम आफ्रिकेतून परततात आणि एप्रिलमध्ये अंडी घालतात. तेव्हा मादी घरट्यात दबून बसते, दुर्बिणीतून फक्त डोकं दिसतं. जुलैत पिल्लं घरट्याच्या कडेवर पंख मारून बघतात किंवा नुकती उडायला लागलेली असतात. नर मासा घेऊन येतो तो क्षण चुकवायचा नसेल तर एका जागी किमान दोन तास काढा. लोक वीस मिनिटं थांबून 'काहीच होत नाही' म्हणत उठतात, आणि मग मासा येतो.

८x४२ ची दुर्बीण पुरे. घरटं दूर आहे, पण आडोशात स्वयंसेवक असले की त्यांच्या स्कोपमधून (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून) आनंदाने दाखवतात. राखीव भागासाठी तिकीट लागतं, ते केंद्रातच मिळतं. केंद्र कोणत्या वारी उघडं असतं ते निघण्याआधी बघून घ्या.

टिटवी:
खंड्या यांच्याशी सहमत, प्रवासाचं मी लिहिते. स्टेशन ओकहॅम. सेंट पँक्रसहून लेस्टरला बदला किंवा किंग्ज क्रॉसहून पीटरबरोला. दोन्हीकडून पुढची गाडी तीच, बर्मिंगहॅम-स्टॅनस्टेड मार्गावरची. ती साधारण तासाला एक असते, म्हणून बदलायला दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. ती चुकली की सकाळ गेली. शनिवारच बरा, रविवारी गाड्या कमी आणि रुळांची कामंही निघतात.

ओकहॅमहून लिंडन चालत जाण्याइतकं जवळ नाही. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, परतीचीसुद्धा. गाव लहान आहे, ऐनवेळी टॅक्सी मिळेलच असं नाही. चालतच जायचं असेल तर एगल्टन बघा, ते ओकहॅमपासून दोनेक किमीवर आहे. तिथे पाणथळ खाचरं आणि बरेच आडोसे आहेत, पण ऑस्प्रेचं घरटं तिथून दिसत नाही. शिवाय एगल्टन पश्चिम काठावर असल्याने सकाळी पाण्याकडे पाहिलं की ऊन डोळ्यांवर येतं. लिंडनला उत्तरेकडे बघता, तिथे उजेड बहुतेक वेळ पाठीमागून.

पाणकावळा:
थोडी माहिती, आई-बाबांना सांगायला. ग्वॉश नदीवर एम्पिंगहॅमला धरण घालून १९७० च्या दशकात हा जलाशय भरला. पृष्ठभागाच्या हिशेबाने इंग्लंडमधला सर्वांत मोठा. नेदर हॅम्बल्टन हे गाव पाण्याखाली गेलं. नॉर्मंटनचं चर्च वाचवताना त्याच्या खालच्या भागात दगड आणि काँक्रीट भरलं, त्यामुळे ते आज अर्धं बुडाल्यासारखं काठावर उभं दिसतं. उजनीतलं पळसदेवचं देऊळ पाहिलेल्यांना ते बघून भरून येतं.

स्कॉटलंडहून ऑस्प्रेची पिल्लं आणून इथे सोडायला १९९६ मध्ये सुरुवात झाली, आणि २००१ मध्ये इथे पहिलं पिल्लू जन्मलं. भिगवणला हिवाळ्यात दिसतो तो याच जातीचा पक्षी.

पाणकोंबडी:
खूप आभार! शनिवारी टॅक्सी मिळालीच नाही तर दुसरा पर्याय काय?

टिटवी:
ट्रिंग. यूस्टनहून सुमारे चाळीस मिनिटं. स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, म्हणून आधी गावात जाण्याची चूक करू नका. गावाकडच्या रस्त्यावर काही मिनिटांत ग्रँड युनियन कालव्याचा पूल येतो, तिथे खाली उतरून उत्तरेकडे चालू लागा. बुलबोर्नपाशी वेंडोव्हरचा फाटा डावीकडे फुटतो, त्यात न शिरता मुख्य कालवा धरा. मार्सवर्थची लॉक (नावा वर-खाली करणारी, दारं लावलेली पाण्याची टाकी) उतरली की स्टार्टॉप्स एंड. हे अंतर एका बाजूचंच चारेक किमी आहे, त्यामुळे परतीला टॅक्सी किंवा बस आधी ठरवा. पाऊस पडून गेला असेल तर कालव्याच्या खोल खिंडीतली वाट निसरडी होते. तिथे ऊन पोचत नाही.

स्टार्टॉप्स आणि मार्सवर्थ या दोन तलावांच्या मधल्या बांधावरून चालता येतं. विल्स्टन सर्वांत मोठा, पण गाडीतळाकडून बांधावर चढायला उभ्या पायऱ्या आहेत. आईंसाठी तो सोडा.

पाणकावळा:
ट्रिंगचे तलाव पिण्याच्या पाण्याचे नाहीत, कालव्याचे आहेत. इथे कालवा टेकडीच्या माथ्यावरून जातो. प्रत्येक नाव लॉकमधून उतरताना माथ्यावरचं पाणी खाली जातं, ते भरून काढायला १८०२ पासून हे तलाव बांधले. उन्हाळ्यात नावा वाढतात, पाऊस कमी पडतो, मग पातळी उतरते आणि काठावर चिखल उघडा पडतो. त्या चिखलातच चिखल्ये-तुतवारांसारखे काठावरचे पक्षी येतात, मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरात. लिटल रिंग्ड प्लोव्हरने ब्रिटनमध्ये पहिलं घरटं केलं ते इथेच, १९३८ मध्ये. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९१२ मध्ये मोठ्या टिबुकलीच्या प्रणयनृत्याचा अभ्यास केला तोही ट्रिंगलाच. जुलैत तिची पट्टेदार डोक्याची पिल्लं आईबापाच्या पाठीवर बसून फिरताना दिसू शकतात.

खंड्या:
दोन्ही ठिकाणांसाठी काही गोष्टी.

जुलैत बदकांचे नर पिसं टाकतात आणि मादीसारखे मळकट दिसतात. 'इथे नरच नाहीत' असं वाटतं. मॅलर्डची चोच बघा: पिवळसर हिरवी असेल तर नर, नारिंगी-तपकिरी असेल तर मादी. वारकरी हा पाणपक्षी मात्र बारा महिने ओळखू येतो, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर हात घालू नका. ते निळे-हिरवे शेवाळ विषारी असू शकतं, कुत्र्यांच्या तर जिवावर बेततं. संध्याकाळी डोक्यावर घोंगावणारे चिलटांचे ढग बहुधा न चावणाऱ्या जातीचे असतात, त्यांना घाबरू नका. गोचीड मात्र गंभीर घ्या: उंच गवतात पायमोजे पँटवर ओढा, रात्री गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. तेल किंवा तूप लावू नका. नंतर लाल वर्तुळ पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

आडोशात बोलणं कुजबुजीत, आणि खिडकीबाहेर हात काढायचा नाही. हात हलला की पाखरं उठतात.

पाणकोंबडी:
ठरलं. शनिवार, लिंडन, दोन्ही टॅक्सी आधीच सांगून. नाही मिळाल्या तर ट्रिंग.

टिटवी:
पातळ जॅकेट तिघांचंही घ्या. जुलै असला तरी मोकळ्या पाण्यावरून वारा थेट येतो आणि आडोशात बसून अंग गार पडतं. थर्मास भरून चहा न्या.