शब्दचर्चा : 'खेळणं' की 'हातातलं बाहुलं'?

१९७६ चा फ्रेंच पिक्चर 'ल जुए' पाहिला, फ्रान्सिस वेबरने दिग्दर्शित केलेला पहिलाच. पेराँ (पिएर रिशार) नावाचा बेकार पत्रकार एका बड्या धनाढ्याच्या पेपरात कसाबसा चिकटतो आणि मालकाचा पोरगा बापाच्याच दुकानात खेळणी बघायला येतो नि पेराँकडेच बोट दाखवून म्हणतो, मला हा माणूस पाहिजे. नावाचा सरळ अर्थ खेळणं, पण फ्रेंचमध्ये दैवाच्या हाती सापडलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात. मग परीक्षणात मराठीत 'हातातलं बाहुलं' लिहिणं जास्त बरोबर नाही का?

>> बाहुलं नको, ठाम मत. अमुक पुढारी तमक्याच्या हातातलं बाहुलं आहे म्हणतो तेव्हा मागून कोणीतरी सूत्रं हलवतंय असं सुचवायचं असतं. इथे लपवाछपवी कुठेय? पेराँला चक्क खोक्यात पॅक करून घरी पोचवतात! विकत घेणं, कंटाळा आला की टाकून देणं हे सगळं 'खेळणं'मध्येच येतं.

>> +१, आणि 'खेळवणं' पण धरा. बाप रांबाल-कोशे (मिशेल बुकेने काय थंडपणे केलाय!) नोकरांना खेळवतो, तळहाताला घाम येतो म्हणून एकाला काढून टाकतो, पेराँला दाढी काढायला लावतो, संपादकाला तर नागडं होऊन ऑफिसातून फिर म्हणतो आणि तो कपडे उतरवायला लागल्यावर विचारतो की राक्षस कोण, सांगणारा मी की ऐकणारा तू. पोरगा हेच बघत वाढलाय, त्याने माणूस मागितला यात त्याचा काय दोष, मला तरी राग फक्त बापाचाच आला. पण आपण बाळालाही खेळवतोच ना? पेराँ त्या एकट्या पोराला तसं खेळवतो, दोघं मिळून बापाची कुलंगडी बाहेर काढणारा पेपर काढतात. एकच क्रियापद दोघांना लागतं पण अर्थ पार उलटे.

>> हे आवडलं. म्हणजे परीक्षणात 'पेराँ खेळणं झाला' लिहू?

>> 'झाला'मध्ये करणारा दिसतच नाही. 'पोराने पेराँचं खेळणं केलं' लिहा, आणि संपादकाच्या प्रसंगाला 'बापाने संपादकाचं खेळणं केलं' हेच परत वापरा, वाचणाऱ्याला बाप-लेकाच्या वागण्यातलं नातं आपोआप कळेल.