घड्याळावरच्या ‘आयर्नमॅन’चा अर्थ काय?

प्रश्न: वडिलांनी दिलेले टाइमेक्सचे ‘आयर्नमॅन’ घड्याळ घालून मी रोज भाजी आणायला जातो. हे नाव पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी ‘आयर्नमॅन’ शर्यतीवरूनच आले आहे का, आणि तबकडीवरच्या ‘१०० मीटर’ला काय अर्थ आहे?

उत्तर १: होय, त्या शर्यतीवरूनच. १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर १५ स्पर्धकांनिशी सुरू झालेल्या या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर ४२.२ किलोमीटर धावायचे असते. १९८६ साली आलेल्या या घड्याळाने तिचे नाव परवान्याने घेतले.

उत्तर २: ‘१०० मीटर’ म्हणजे तेवढ्या खोल बुडी मारण्याची मुभा नव्हे, स्थिर पाण्याच्या तेवढ्या दाबाची ती कसोटी असते. पोहायला हरकत नाही, मात्र पाण्याखाली बटणे दाबू नयेत.

उत्तर ३: बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना हेच प्लास्टिकचे घड्याळ सुटावर घालत. माझ्या मते खपाचे रहस्य नावाइतकेच मोठ्या आकड्यांत आणि पुढे आलेल्या बटणांत आहे, कारण घामेजलेल्या बोटांसाठी केलेली ही सोय पिशव्यांनी भरलेल्या हातांनाही तितकीच उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बटणे आता कोरड्यातच दाबीन.