मदत हवी आहे: चमकीची बाटली दोनदा फसली

सावरी:
भावनांच्या खेळासाठी चमकीची बाटली (हलवायची आणि चमकी हळूहळू खाली बसताना बघत मुलाने शांत व्हायचं) दोनदा केली, दोन्ही वेळा फसली. पाणी दुधासारखं झालं. अर्धी चमकी वर तरंगते, अर्धी गुठळ्या होऊन तळाशी. प्रमाण बरोबरच घेतलं होतं. शनिवारी हवीच आहे, लवकर सांगा.

खटपट्या:
बरोबर म्हणजे किती? गोंद कोणता? पाणी गार की कोमट? बाटली केवढी? मुलं किती वर्षांची?

रंगपेटी:
दुधाळ झालं म्हणजे पांढरा गोंद घातलाय. पारदर्शक आणा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३५० मिली कोमट पाणी, त्यात १०० मिली गोंद, पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं. गार पाण्यात गोंदाच्या तारा राहतात आणि चमकी त्यांना चिकटते, गुठळ्या त्याच्याच. मग २ चहाचे चमचे बारीक चमकी. वर तरंगली तर भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका, खाली उतरते. जास्त पडलं तर नुसता फेस. उकळतं पाणी नको, बाटली आकसते.

मोजेवाली:
बाटली कशाला? तीन वर्षांच्या मुलाला रागात चमकी बघून काय कळणार? जुन्या मोज्याला दोन बटणं घट्ट शिवा, झाली बाहुली. स्वतःबद्दल न बोलणारी मुलं बाहुलीबद्दल घडाघडा बोलतात.

रंगपेटी:
त्यांनी बाटलीचं विचारलंय. आणि बाटली पहिल्यांदा रागात द्यायचीच नसते. मूल खुशीत असताना आठवडाभर खेळू द्या, चमकी बसेपर्यंत दोघांनी श्वास मोजा. एरवी "जा, बाटली घेऊन बस" म्हटलं की ती शिक्षा होते.

कागदी_चंद्र:
त्यापेक्षा कागदी ताटलीचा चेहरा करा. काळ्या कार्डाच्या दोन भुवया बटण-दोऱ्याने बसवल्या की फिरतात. आतली टोकं खाली केली की राग, वर केली की दुःख. डोळे-तोंड तेच, तरी चेहरा पालटतो.

मोजेवाली:
ताटलीवर रुसवा दाखवा बघू! रागावलेलं मूल अंगावर येतं, रुसलेलं पाठ फिरवतं आणि कोणी समजूत काढायला येतंय का बघतं. बाहुलीला पाठ फिरवता येते. विकतच्या तक्त्यांवर राग, आनंद, दुःख, भीती. हिरमुसणं, ओशाळणं कुठाय?

कागदी_चंद्र:
हे पटलं. ताटलीच्या मागे केस रंगवून काठीला चिकटवा, तीही पाठ फिरवेल.

नाट्यरसिक:
नवरसच शिकवा ना. भरतमुनींनी आठ सांगितले, शांतरस नंतर जोडला गेला.

खटपट्या:
बालवाडीत बीभत्सरस? धागा चमकीचा आहे. सावरी, माझे प्रश्न तसेच पडलेत.

पीठमीठ:
अवांतर: कणकेचे चेहरे करणार असाल तर २ वाट्या मैद्याला १ वाटी मीठ. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, डबा घट्ट हवा.

सावरी:
गोंद पांढराच, पाणी माठातलं. मुलं बारा, अडीच ते पाच वर्षांची. प्रत्येकाला २०० मिलीची बाटली द्यायची आहे.

रंगपेटी:
हे आधी सांगायचं ना! मग प्रत्येकी १४० मिली पाणी, ४० मिली गोंद, पाऊण चमचा चमकी. आधी एकच करून बघा. चमकी बसायला दीड-दोन मिनिटं लागायला हवीत. लवकर बसली तर चमचाभर गोंद, फार रेंगाळली तर पाणी. जमली की बाकीच्या अकरा. झाकणाच्या आट्यांना एम-सील लावा, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी उलटी ठेवून गळते का बघा. अडीच वर्षांचं मूल झाकण दातांनी उघडतं.