कॉलेज आइस हॉकी: प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्या वरच्या मानांकनाच्या घरी खेळवा

निळी_रेघ (धागाकर्ता)

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना, तिच्या पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत २००३ पासून १६ संघ प्लेऑफला येतात. चार-चार संघांचे चार गट असतात, प्रत्येक गट एका शहरात आटोपतो आणि हरला तो घरी. चार विजेते फ्रोझन फोरला, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामन्यांना जातात. गटांची शहरं काही वर्षं आधीच ठरलेली असतात, पण संघ जाहीर होतात रविवारी आणि गुरुवार-शुक्रवारी पहिला फेसऑफ (सामन्याची सुरुवात). चार दिवसांत विमान, हॉटेल आणि दोन सामन्यांची तिकिटं कोणता विद्यार्थी जमवणार? मग टीव्हीवर दिसतात रिकाम्या खुर्च्या.

२०२५ घ्या. वेस्टर्न मिशिगन एकूण चौथ्या मानांकनावर होतं. त्यांच्या कालामाझूहून टोलेडो हे गटाचं शहर गाडीने अडीच तासांवर, पण ते गेलं दुसऱ्या मानांकनाच्या मिशिगन स्टेटला. वेस्टर्नच्या वाट्याला आलं फार्गो, म्हणजे रस्त्याने बाराशे किलोमीटर. त्याच गटात खाली मिनेसोटा, ज्यांचे प्रेक्षक साडेतीन तासांत पोचतात. पाच महिने राबून वरचा क्रमांक कमावायचा आणि प्रवास मात्र आपणच जास्त करायचा, हे मला पटत नाही.

माझी मागणी: पहिल्या फेरीत वरच्या आठ संघांच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) तीनपैकी दोनची मालिका, शुक्रवार-शनिवार-रविवार. पुढच्या आठवड्यात उरलेल्यांपैकी वरच्या चौघांच्या घरी तसंच. त्रयस्थ शहर फक्त फ्रोझन फोरला.

तिसरा_पिरियड

तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याच फार्गोत वेस्टर्नने मिनेसोटा स्टेटला (हे मिनेसोटापेक्षा वेगळं विद्यापीठ) आणि मग मॅसॅच्युसेट्सला हरवलं, दोन्हीदा २-१. पुढे सेंट लुईसच्या फ्रोझन फोरमध्ये डेन्व्हरला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३-२ आणि अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२. घरचा बर्फ एकदाही न मिळता पहिलं विजेतेपद! त्या करंडकाला वजन आहे ते म्हणूनच.

आता २०१३ आठवा. येल शेवटच्या क्षणी कसंबसं १६ मध्ये शिरलं. पहिल्या सामन्यात ग्रँड रॅपिड्सला मिनेसोटाशी गाठ, आणि ओव्हरटाइमच्या नवव्या सेकंदाला गोल. त्याच येलने अंतिम सामन्यात क्विनिपिॲकला ४-० ने धुतलं. तुमच्या पद्धतीत येलला मिनेसोटाच्या रिंकवर तीनपैकी दोन जिंकावे लागले असते. त्या वेळचा तिथला बर्फ १०० फूट रुंद होता, नेहमीच्या ८५ फुटांपेक्षा १५ फूट जास्त. ती कहाणी पहिल्याच आठवड्यात संपली असती.

बोर्डाजवळ

रुंदीचा मुद्दा निघालाच आहे तर नीट मांडतो, कारण "घरचा फायदा" म्हणजे आरडाओरडा एवढंच अनेकांना वाटतं.

१०० फुटी रिंकवर जास्तीची जागा दोन्ही कडांना मिळते. पक (खेळाची चकती) कोपऱ्यात गेला की बचावपटूला गोलपासून जास्त लांब जावं लागतं आणि परत यायला एक-दोन ढांगा जास्त पडतात. ८५ फुटांची सवय असलेला संघ इथे दोन चुका करतो. एक, बचावपटू सवयीने बोर्डापर्यंत (रिंकभोवतीच्या भिंतीपर्यंत) अंगावर जातो आणि गोलसमोरची जागा उघडी पडते. दोन, एक खेळाडू कमी असताना चौघांचा चौकोन ताणला जातो आणि मधून आडवा पास निघतो. बरं, ब्लू लाइनच्या, म्हणजे आक्रमणाच्या भागाची हद्द दाखवणाऱ्या रेघेच्या, कडेवरून मारलेला फटका गोलपासून लांब पडतो, कोनही अरुंद होतो, म्हणून पाहुणा संघ फटके खूप मारतो पण ते गोलकीपरला सोपे जातात. सेंट क्लाउडचा रिंक १०० फुटी आहे. तिथे एका दिवसाच्या सरावात हे अंगवळणी पडत नाही.

बोर्डांचंही तसंच. मागच्या बोर्डावरून पक किती जोरात परततो हे रिंकगणिक बदलतं. घरचा संघ मुद्दाम गोलच्या बाजूला मारून परतणारा पक टिपतो.

हे सगळं मान्य करूनही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. हा फायदा हंगामभर जिंकून मिळवलेला असतो.

खाली_बेंच

एक तपशील राहिला. शेवटची बदली, म्हणजे समोरच्यानंतर आपले खेळाडू बदलायचा हक्क, वरच्या मानांकनाला त्रयस्थ मैदानावरही मिळतेच, कारण कागदोपत्री यजमान तोच असतो. खेळ थांबला की पाहुण्या प्रशिक्षकाने आधी पाच खेळाडू पाठवायचे, मग यजमानाने पाहून आपले. समोरच्याच्या सर्वोत्तम फळीवर आपली बचावाची जोडी सोडायची, हा सगळ्यात मोठा डावपेच. तो आधीच हातात आहे, मग अजून किती द्यायचं?

निळी_रेघ

@खाली_बेंच, बरोबर. पण "त्रयस्थ" हा शब्दच खोटा आहे. यजमान विद्यापीठ पात्र ठरलं की त्याला त्याच शहरात टाकतात, मानांकन काहीही असो. २००६ मध्ये ग्रँड फोर्क्सला गटात सगळ्यात वर मिनेसोटा, पण रिंक नॉर्थ डकोटाचा. मिनेसोटाशी त्यांचं जुनं वैर, त्यामुळे अख्खं स्टेडियम होली क्रॉसच्या मागे उभं. ओव्हरटाइममध्ये होली क्रॉस ४-३. मग नॉर्थ डकोटाने त्याच बर्फावर होली क्रॉसला ५-२ ने हरवून फ्रोझन फोर गाठली. म्हणजे घरचा फायदा आजही दिला जातो, फक्त तो कमावणाऱ्याला न देता गट भरवायला बोली लावणाऱ्याला देतात. माझा राग त्यावर आहे.

अंकगणित

घर की त्रयस्थ, यापेक्षा एक सामना की तीन हा प्रश्न मोठा आहे. समजा चांगला संघ एका सामन्यात १०० पैकी ६० वेळा जिंकतो. तीनपैकी दोनच्या मालिकेत ते ६४.८ होतात, जेमतेम पाच टक्क्यांनी वाढ. आणि करंडकासाठी सलग चार सामने जिंकण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे साधारण १३ टक्के.

कारण गोलकीपर. ३० फटक्यांवर ९१ टक्के अडवणारा सरासरी २.७ गोल खातो. त्याच रात्री तो ९५ टक्क्यांवर गेला तर दीड. एका गोलाहून जास्त फरक, आणि प्लेऑफचे सामने एका गोलानेच सुटतात. २०२४ च्या अंतिम सामन्यात डेन्व्हरच्या मॅट डेव्हिसने बॉस्टन कॉलेजचे ३५ फटके अडवले, निकाल २-०. बॉस्टन कॉलेज त्या वर्षी पहिल्या मानांकनावर होतं.

शिवाजीपार्क_ते_सेंटपॉल

क्रिकेटवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. २०१६-१७ च्या रणजी हंगामात बीसीसीआयने सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर नेले. घरच्या खेळपट्टीची मक्तेदारी मोडायची हा हेतू चांगलाच होता. पण स्वतःच्या शहरात एकही सामना नाही म्हटल्यावर बघणार कोण? मुंबई-गुजरात अंतिम सामनाही इंदूरला झाला. पुढच्याच हंगामात घर आणि बाहेर ही पद्धत परत आली. प्रेक्षक कुणाच्या तरी गावचेच असतात हो.

तिसरा_पिरियड

रणजीत खेळपट्टी बनवता येते, बर्फ नाही, त्यामुळे तुलना अर्धीच लागू. व्यवहाराचं बोला. वेस्टर्नचं लॉसन अरेना चार हजारांच्या आतलं. सीझन तिकीटवाले आणि विद्यार्थी बसले की पाहुण्यांना उरतं काय? त्यांच्या बँडला तरी जागा मिळेल का? आणि मार्चअखेरीस रिंक मोकळा हवा, प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यांना जागा हवी, तेही चार दिवसांच्या नोटिशीवर.

बोर्डाजवळ

महिलांच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी वरच्या चार संघांच्याच रिंकवर होते आणि तिथे ही व्यवस्था लागते. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने २०१८ पासून पूर्ण प्लेऑफ संघांच्या घरी नेला. पाहुण्यांसाठी ठरावीक खुर्च्या राखून ठेवायचा नियम करा, सुटलं. तारखांचंही अडत नाही: २०२५ मध्ये गट ३० मार्चला संपले आणि फ्रोझन फोर सुरू झाली १० एप्रिलला. मधला शनिवार-रविवार रिकामाच होता.

अंकगणित

मालिका शक्य नसेल तर घरी एकच सामना ही तडजोड मात्र नको. त्यात कमकुवत संघाचा प्रवासही वाढतो आणि एका रात्रीच्या गोलकीपरचा धोका वरच्या संघालाही तेवढाच राहतो. शुक्रवारी हरलेल्याला शनिवारी पुन्हा त्याच गोलकीपरसमोर उभं राहायला मिळालं पाहिजे.

तिसरा_पिरियड

आणि मला नेमकं तेच नको आहे. शनिवारची दुसरी संधी दिलीत की शुक्रवारच्या ओव्हरटाइमला कुणी श्वास रोखून बसणार नाही.