मँचेस्टर युनायटेड: ६६ पौंडांचं तिकीट, आणि बाकीचे पैसे जातात कुठं?
(फुटबॉल चाहत्यांच्या मंचावरची चर्चा; ओळीत एकटं आलेलं नाव लिहिणाऱ्याचं.)

ताळेबंदवाला
खेळाडू विकत घ्यायचा हंगाम सुरू झाला की एकच ओरड ऐकू येते: ‘मालक पैसे सोडत नाहीत.’ माझं म्हणणं उलट आहे. गेल्या दहा वर्षांत युनायटेडने पैसा कमी नव्हे, बेसुमार ओतला, आणि तोही वाईट पद्धतीने. आकडे बघा. २०२३-२४ मध्ये उत्पन्न ६६.१८ कोटी पौंड. त्यातले ३६.४७ कोटी पगारात गेले. खेळाडूंच्या खरेदीचा त्या वर्षीचा पुस्तकी वाटा १९ कोटींच्या घरात. म्हणजे शंभर पौंडांतले ८४ फक्त पगार आणि खेळाडूंच्या खरेदीवर, आणि वर्षाअखेर तोटा ११.३२ कोटी.

पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, उत्पन्न ६६.६५ कोटींवर गेलं. क्लबच्या इतिहासातला तोवरचा हा उच्चांक, आणि तोही संघ लीगमध्ये १५वा आलेला असताना. तरीही तोटा ३.३ कोटी. याच हंगामात मधेच सभासदांच्या तिकिटाचा दर सरसकट ६६ पौंड केला. मुलं आणि ज्येष्ठ यांची सवलतही काढून टाकली. चाहत्यांचा राग रास्त आहे. पण तो ‘खर्च करा’ या मागणीत वाया जातो, तो ‘कसा खर्च करता ते दाखवा’ या मागणीत यायला हवा.

हिरवासोनेरी
असहमत. पगार आणि खरेदी ही फांदी झाली, मूळ २००५ मध्ये आहे. ग्लेझर कुटुंबाने क्लब ७९ कोटी पौंडांना घेतला आणि त्यातला मोठा भाग कर्ज काढून उभा केला. त्या कर्जाचा बोजा शेवटी क्लबच्याच डोक्यावर बसला. त्याआधी हा क्लब कर्जमुक्त होता. २०२५ च्या हिशोबात मुख्य कर्ज ६५ कोटी डॉलर होतं: ४२.५ कोटींचे रोखे ३.७९ टक्क्यांनी, २०२७ मध्ये फेडायचे, आणि २२.५ कोटींचं मुदत कर्ज २०२९ मध्ये. शिवाय बँकेकडून लागेल तशी उचल आहेच. वीस वर्षांत व्याज, फी आणि लाभांश मिळून १०० कोटी पौंडांहून जास्त बाहेर गेलं, आणि मुद्दल होतं तिथंच आहे. लोक २०१० मध्ये निषेधाचे हिरवे-सोनेरी मफलर घालून रस्त्यावर उतरले, २ मे २०२१ ला लिव्हरपूलविरुद्धचा सामना मैदानात घुसून पुढे ढकलायला लावला, ते याचसाठी.

ताळेबंदवाला
कर्ज अन्यायाचं आहे, यावर वाद नाही. पण आकार बघा. व्याज वर्षाला साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास. ते उद्या शून्य झालं तरी २०२३-२४ चा तोटा साडेसात कोटींहून जास्तच उरतो.

हिरवासोनेरी
एका वर्षाचा हिशोब करून चालणार नाही. दरवर्षी साडेतीन कोटी मैदानात घातले असते तर काय झालं असतं? ओल्ड ट्रॅफर्डची शेवटची मोठी वाढ २००६ ची. त्यानंतर टॉटनहॅमने २०१९ मध्ये नवं मैदान उभं केलं. आपल्याकडे मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर छपरातून धबधबा कोसळत होता. आता एक लाख प्रेक्षकांच्या नव्या मैदानासाठी २०० कोटी पौंडांची गोष्ट चालू आहे. ज्या क्लबचं मुद्दल वीस वर्षांत उतरलं नाही, त्याला पुढचं कर्ज स्वस्त कोण देणार? तुम्ही व्याजाचा आकडा मोजता. त्या व्याजामुळे जे उभंच राहिलं नाही, ते तुमच्या ताळेबंदात कुठल्या ओळीत दिसतं?

पाचवर्षीय
दोघांच्याही मुद्द्यात एक दुवा राहतोय: खेळाडूची किंमत हिशोबात कशी बसते. अँटनीचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये सुमारे ८.२ कोटी पौंडांना घेतला, पाच वर्षांचा करार. ही रक्कम पुस्तकात एकदम दिसत नाही, पाच वर्षांवर वाटली जाते: दरवर्षी १.६४ कोटी. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत उरली ३.२८ कोटी. २०२५ मध्ये तो स्पेनच्या बेटिस क्लबला गेला तेव्हा पुढची बक्षिसं धरूनही रक्कम २.२ कोटींच्या आसपास. म्हणजे एका कोटीहून जास्त तोटा त्याच वर्षी नोंदवायचा, तोवरचा पगार वेगळाच.

आता मॅकटॉमिने बघा. अकादमीतला मुलगा, पुस्तकी किंमत शून्य. २०२४ मध्ये नापोलीला सुमारे अडीच कोटींना विकला, ते सगळेच्या सगळे नफ्यात. त्यानंतर नापोली इटलीचं विजेतं झालं आणि मॅकटॉमिने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पीएसआर, म्हणजे प्रीमियर लीगचा २०२५-२६ पर्यंतचा नफा-तोट्याचा नियम, क्लबांना हेच करायला लावत आला: महागात घेतलेला चुकीचा खेळाडू ठेवा, घरचा चांगला मुलगा विका. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे.

सामनादिवस
नियमाला दोष देऊ नका. त्यात तीन वर्षांत १०.५ कोटी तोट्याची मुभा होती. मैदान, अकादमी, महिला संघ यांवरचा खर्च त्यातून वगळता येत होता. इतकी सूट कुठल्या धंद्यात मिळते? एव्हर्टन मर्यादेपेक्षा १.९५ कोटींनी पुढे गेलं, आधी १० गुण कापले, अपिलात ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सनला हिशोबाचं वर्ष संपतं त्या ३० जूनच्या आत विकलं नाही, जास्त किमतीसाठी १ सप्टेंबरपर्यंत थांबले, आणि त्यांचे ४ गुण गेले. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते. चेल्सीने मात्र आपली दोन हॉटेलं आपल्याच भावंड कंपनीला ७.६५ कोटींना विकून आकडे जुळवले. दोष तिथं शोधा.

पाचवर्षीय
चेल्सीच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचा करार दिला की सुमारे १०.७ कोटींची किंमत वर्षाला सव्वा कोटीवर येते. पाच वर्षांचा असता तर दोन कोटींहून जास्त आली असती. ही पळवाट आधी युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने पाच वर्षांवर बंद केली. आणि त्या १०.५ कोटींबद्दल अर्धवट सांगू नका. त्यातले नऊ कोटी मालकाने भांडवल म्हणून भरले तरच मोजत. नाही भरले तर मुभा फक्त दीड कोटी. इतकी वर्षं युनायटेडच्या मालकांनी एक पैसा आत घातला नाही. नवा भागीदार जिम रॅटक्लिफ आल्यावर ३० कोटी डॉलर आले, तोवर काहीच नव्हतं.

हिरवासोनेरी
आणि रॅटक्लिफने येऊन काय केलं? आधी २५० आणि मग २०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा. तिकीट ६६ पौंड. दुसरीकडे प्रशिक्षक टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरअखेर त्याला काढलं. क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत गेला. या दोन बदलांचा खर्च १.४५ कोटी. शिवाय टेन हागच्या जागी आलेल्या प्रशिक्षकासाठी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला एक कोटीच्या आसपास दिले ते वेगळे.

सामनादिवस
तिकिटाबद्दल एक दुरुस्ती. ६६ पौंडांचा दर हंगामी तिकीटवाल्यांना नव्हता, उरलेल्या हंगामासाठी सभासदांना विकायच्या शिल्लक तिकिटांना होता. जागा कमी, मागणी प्रचंड, तीच तिकिटं बाहेर काळ्या बाजारात कितीतरी चढ्या दराने जातात. तो पैसा क्लबला मिळाला तर काय बिघडलं?

ताळेबंदवाला
किती मिळाला ते मोजू. समजा एका सामन्याला अशी ३,००० तिकिटं, प्रत्येकामागे सरासरी २० पौंड जास्त, उरलेले १० घरचे सामने. गुणाकार: ६ लाख पौंड. ही रक्कम दुप्पट धरली तरी १२ लाख. सामन्याच्या दिवसाचं त्या वर्षाचं उत्पन्न १६.०३ कोटी. म्हणजे एक टक्काही नाही. तेवढ्यासाठी बापाबरोबर येणाऱ्या पोराची सवलत काढली. एका प्रशिक्षकाचा करार चुकीच्या महिन्यात वाढवला नसता तर याच्या कितीतरी पट वाचले असते.

मागणीचा युक्तिवाद मला पटत नाही, कारण या क्लबचं गिऱ्हाईक पर्याय बघून ठरवत नाही. दर चढला तरी तो शेजारच्या मँचेस्टर सिटीकडे जात नाही. हेच ठाऊक असल्याने दर वाढवता येतो, आणि म्हणूनच तो वाढवू नये.

पाचवर्षीय
रोख पैशाचाही मुद्दा आहे. ट्रान्सफर फी हप्त्यांत दिली जाते. रॅटक्लिफने मार्च २०२५ मध्ये मुलाखतीत सांगितलं की काही केलं नसतं तर ख्रिसमसपर्यंत क्लबची रोख संपली असती, आणि त्या उन्हाळ्यात एकही खेळाडू न घेता जुन्या खरेदीचे ८.९ कोटी द्यायचे होते. युनायटेडचा सँचो तेव्हा उसनवारीवर चेल्सीकडून खेळत होता, तरी त्याचा हप्ता आणि अर्धा पगार युनायटेड भरत होतं. पुढे चेल्सीने ५० लाख भरून त्याला परत पाठवलं. ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही थकबाकी बघावी. त्याच उन्हाळ्यात कुन्या, एम्बोमो, शेश्को आले. त्यांचे हप्ते पुढच्या काही वर्षांत येणार.

उत्तररात्र
मग सभासदांची मालकी हाच उपाय ना? कर्ज लादणारा मालकच नको.

सामनादिवस
बार्सिलोना सभासदांचाच क्लब आहे. कर्ज १०० कोटी युरोंच्या वर गेलं, ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीची नोंदणी करता आली नाही, आणि २०२२ मध्ये लीगच्या प्रक्षेपण हक्कांचा चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकावा लागला. निवडून येणारा अध्यक्षही मतांसाठी खेळाडू आणतोच.

उत्तररात्र
पण त्या अध्यक्षाला मतदानाने घरी पाठवता येतं. बार्सिलोनाच्या कर्जाने खेळाडू आले, पगार गेले, पैसा फुटबॉलमध्येच फिरला. युनायटेडच्या कर्जाने क्लब विकत घेतला, दुसरं काही नाही. दोन्ही कर्जं एका तागडीत तोलू नका.

हिरवासोनेरी
+१. हा फरक मी आधीच लिहायला हवा होता.

ताळेबंदवाला
उत्तररात्र यांचा मुद्दा मान्य, माझं ‘आकार बघा’ तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण एक काम सगळ्यांना जमण्यासारखं आहे. क्लब न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, म्हणून दर तिमाहीला हिशोब जाहीर होतो. त्यात उत्पन्नाची मथळ्यातली ओळ सोडा, तीन जागा वाचा: खेळाडूंपोटी इतर क्लबांना द्यायची रक्कम, बँकेच्या फिरत्या कर्जातून केलेली उचल, आणि ‘अपवादात्मक’ खर्च, ज्यात काढलेल्या प्रशिक्षकांची भरपाई असते. पहिले दोन आकडे एकत्र वाढत असतील तर नवा खेळाडू उधारीवर आलाय असं समजा. २०२६-२७ पासून लीगमध्ये संघाचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवायचा नवा नियम ठरला आहे, युएफाचा तर ७० टक्क्यांचा आहे.

पाचवर्षीय
नव्या नियमातही खेळाडू विकून झालेला नफा उत्पन्नाच्या बाजूला धरतात, हे विसरू नका. अकादमीतल्या पुढच्या मुलाची विक्री तिथंही तितकीच फायद्याची राहते.