गिरणी संपाची कथा: साल न सांगता काळ कसा उभा करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एक लघुकथा लिहितेय. लालबागची चाळ, खानावळ चालवणारी बाई, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईतल्या कापड गिरणी कामगारांच्या संपानंतरचे महिने. 'संप' हा शब्द आणि साल दोन्ही टाळायचंय. तपशिलांनीच ते सांगावं, असं मनापासून वाटतं.

एक तपशील मला पक्का वाटतो. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारे कोकणातले दहा-बारा गडी. आता सगळे एकाच वेळी घरी, म्हणून रात्री वळकट्या गॅलरीत, जिन्यात, पार फुटपाथपर्यंत. पहाटे पाणी भरणाऱ्या बायका त्यांना ओलांडून जातात. शिवाय जेवायला बसलेल्यांच्या केसांत कापसाचे तंतू नाहीत, उधारीची वही मात्र भरत चाललीय.

आता अडचण: गिरणगाव न पाहिलेल्या तरुण वाचकाला एवढ्यावरून कळेल का? की बाईच्या तोंडी संपाचे नेते दत्ता सामंत यांचा उल्लेख घालावा? मला तो जरा उघड वाटतो. आणि ज्यांच्या घरात गिरणी कामगार होते त्यांना खास विनंती: तेव्हा ताटात काय बदललं? सुरुवातीला काय बंद झालं, काय शेवटपर्यंत टिकलं?