ब्रँडोचा 'वन-आईड जॅक्स' पुन्हा पाहिला, मत पार बदललं. जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी,

आमच्या दहा-बारा जणांच्या सिनेमा कट्ट्यावर पुढच्या महिन्यात वेस्टर्न (काउबॉयपट) दाखवायचाय आणि आधी दहा मिनिटं बोलायचंय मी. निवडलाय 'वन-आईड जॅक्स' (१९६१). मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेला पहिला आणि शेवटचा चित्रपट.

बऱ्याच वर्षांपूर्वी यूट्यूबवर पाहिला होता. हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे त्याच्या वाट्टेल तशा कॉप्या फिरतात. माझ्या कॉपीत समुद्र पातळ ताकासारखा दिसत होता. 'नटाची हौस' म्हणून मोडीत काढला आणि चारचौघांत तसं ठणकावूनही सांगितलं. गेल्या आठवड्यात २०१६ची दुरुस्त केलेली प्रत पाहिली (स्कोर्सेसी आणि स्पीलबर्ग यांच्या सल्ल्याने झालेली) आणि ओशाळलो. वेस्टर्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूळ. इथे छायालेखक चार्ल्स लँगने टिपलेला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचा किनारा आहे. ठेचलेला हात बरा होण्याची वाट बघत रिओ (स्वतः ब्रँडो) तिथे बसतो, मागे लाटा आपटत राहतात, आणि त्याचा राग बोलून दाखवायची गरजच उरत नाही.

सगळ्यात आवडला तो व्हरांड्यातला प्रसंग. रिओला पोलिसांच्या तोंडी देऊन सोनं घेऊन पळालेला डॅड (कार्ल माल्डन) आता शेरीफ झालाय. रिओ पाच वर्षं तुरुंगात सडून त्याच्या दारात येतो. दोघंही गोड हसत एकमेकांना थापा मारतात, आणि दोघांनाही ते कळत असावं. पत्त्यांतले इस्पिक आणि बदामचे गुलाम आठवा, एकच डोळा दिसतो. नाव तिथून आलंय.

आता अडचण. मधला भाग मला अजूनही रेंगाळल्यासारखा वाटतो. ब्रँडोची पहिली जुळणी पाच तासांच्या घरात होती, पॅरामाउंटने ती १४१ मिनिटांवर आणली. मग हा रेंगाळणारा हात ब्रँडोचा, की कात्रीने सांधे निखळले? नेमकं काय कापलं गेलं, यावर कुणी सविस्तर वाचलंय का?

दुसरं, शेवट. लुइझा (डॅडची सावत्र मुलगी, रिओची प्रेयसी) मरावी असं ब्रँडोच्या मनात होतं, स्टुडिओने तो बदलला. मला आहे तो शेवट मिळमिळीत वाटतो, पण बायकोला पटला. तुमचं काय मत?

(आधी ठरलेला दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक टिकला असता तर काय झालं असतं, हा विषय कृपया नको. त्यावर धागे वाहून जातात.)

आणि एक अगदी व्यावहारिक प्रश्न. आमच्याकडे मध्यंतर लागतंच, चहावाला साडेसातला येतो. ते चाबकाच्या प्रसंगानंतर घ्यावं की त्याआधी? नंतर घेतलं तर कुणाला बिस्किटं गोड लागणार नाहीत.

ता. क. यूट्यूबची लिंक कृपया देऊ नये. त्या ताकाने एकदा तोंड पोळलंय.